झाकणाच्या आत

दहीपुलाकडून वर चढताना
जिन्याखाली अर्धं शटर दिसतं, ते माझं.
अर्धंच उघडतो. पूर्ण उघडलं की धूळ येते,
आणि धूळ म्हणजे आमच्यात दरोडा.

गावात पूर मोजतात दुतोंड्या मारुतीच्या अंगावर,
मी माणूस ओळखतो काचेच्या कडेला बसलेल्या मळावर.
पिंपळगावच्या बागाइतदाराच्या घड्याळात गंधक निघतो,
तांबटाच्या घड्याळात हिरवट चुरा.
परवा एक बाई आल्या, रुमालात एचएमटी जनता.
कडेला काळपट निळी शाई.
म्हटलं, प्रेसमधले का?
"वडील. पुंडलिक अहिरराव. बत्तीस वर्षं नाशिकरोडला.
गेल्या महिन्यात गेले.
किल्ली देऊन बघितली, चालत नाही."

झाकण उघडलं.
रामकुंडावर भटजींकडे असते ना सात पिढ्यांची वही,
तशी आमची ही, रुपयाएवढी:
दुरुस्त करणारा सुईनं आत खूण ओढतो,
गिऱ्हाइकाला कधी न दिसणारी.
एक चंद्रकोर, ७८. उस्ताद अब्बास कोकणी.
तिच्याखाली दि., ८४.
दि. म्हणजे मी.

बावीस वर्षांचा होतो. उस्ताद नमाजाला गेलेले.
"तुमच्या घड्याळाचा केसही वाकडा होणार नाही,"
म्हणालो होतो कुणालातरी, ऐटीत.
आणि चिमटा सटकला.
बालकमान म्हणजे केसच तो,
वेटोळ्यांचा, श्वासानंही हलणारा.
एक वेटोळं शेजारच्याला चिकटलं.
वरवर सोडवलं, झाकण दाबलं,
चौदा रुपये घेतले.

अशी कमान घड्याळाला पळवते.
विचारलं, पुढे जायचं का हो?
"रोज चार मिनिटं!" त्या हसल्या.
"सकाळी भोंगा झाला की बाबा काटा मागे घ्यायचे.
मला वाटायचं, सगळ्याच घड्याळांचं असं करतात.
सासरी गेले, तर तिथे कुणी मागे घेईचना."

एकदाही आले नाहीत ते तक्रार घेऊन.
नाशिकरोडहून इथवर एक बस, तीही थेट.
का आले नाहीत?
भिंग डोळ्याला तसंच ठेवून
बराच वेळ काहीच पाहत नव्हतो.

बंद पडलं होतं ते सुकलेल्या तेलानं.
ती चूक वयाची. कमानीची माझी.
पेट्रोलमध्ये धुतलं, टिपूस टिपूस तेल दिलं.
हात आता थरथरतो,
पण दोन थरथरींच्या मधे थोडी जागा असते,
तिथे काम करायचं.
तिसऱ्या रात्री वेटोळं सुटलं.

सुई घेतली.
ते ८४ खोडता आलं असतं, सहज,
एक ओरखडा, कुणाला कळलं असतं?
शेजारी यंदाचं साल टाकलं आणि झाकण लावलं.

"काय झालं होतं?"
केस वाकडा होता, म्हटलं.
त्यांना वाटलं, घड्याळजींची बोली असेल काही.
पैसे? तेलाचे द्या.

रविवारी फोन आला.
"अगदी बरोबर चालतंय हो.
पण सकाळी उगाचच हात जातो,
आणि मग करायला काही नसतं."

किल्ली द्या, म्हटलं.
किल्ली तर रोज द्यावीच लागते.