कलम चार, पोटकलम ब

चार्ल्सटन. विधानभवनाचा तळमजला, मंगळवार.
बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं.
घड्याळ माझ्याकडे. मी समितीचा कारकून.

लोरेटा स्टिडम, नाव 'बाजूने'च्या रकान्यात.
हॅम कापायच्या काउंटरवरून थेट आलेली,
कोटाखाली एप्रन तसाच.
म्हणाली, वजनातलं मला कळतं.
बावीस वर्षं काटा बघतेय.
तुम्ही लिहिलंय पाच ग्रॅम, एक ग्रॅम, ग्रॅमच्या आत.
माझा गार्लंड गेला
तेवढ्यानं माझा काटा हललाही नसता.

माना डोलल्या.
एकानं पेन्सिलीनं पाचाचे चार केले.

मग तिनं कागद उलटला.
'पुरवणारा' म्हणजे कोण, तेवढं सांगा.
भावाची दाढ ठणकतेय म्हणून
आपल्यातली अर्धी गोळी मोडून देणारी,
एकोणीस वर्षांची,
ती यात बसते का?

वकिलानं पान मागं नेलं, पुढं आणलं.
बसते, म्हणाला. दहा ते चाळीस वर्षं.

लाल दिवा लागला. घंटी मी वाजवली नाही.
मागच्या बाकावर एक मुलगी
बुटाची नाडी सोडत होती, बांधत होती,
पुन्हा सोडत होती.

तीन मिनिटं चाळीस सेकंद. मी तीन लिहिली.

जाताना बाई टेबलाशी थांबली.
'बाजूने' खोडता येईल?
मी रबर दिलं.
'विरोधात'वर मात्र तिनं खूण केली नाही.

विधेयक पुढे गेलं, नऊ विरुद्ध दोन.
फॉर्म फाइलमध्ये आहे.
त्या एका जागी कागद घासून
पातळ झालाय.