वीसचं पण नाही

अशोक चौकाच्या मागच्या बोळात
यादगिरी कोंडांचे चार माग होते.
तिथे आता पाच टेबलं,
आणि पाटीवर एक ड्रॅगन,
रंगाऱ्याने तोंड मात्र नरसिंहाचं काढलंय.

आम्ही कोपऱ्यात बसतो.
जमिनीतून मागाचे बोल्ट अजून वर आलेत,
नवा गिऱ्हाईक हमखास ठेचकाळतो.
आत थोरला कढई झुलवतोय,
सून कोबी चिरतेय,
विडीचं पान कापावं तशी, न बघता.
श्रावणी बिलबुकाच्या पाठीवर बीजगणित सोडवते,
मधेच आत ओरडते, तेलुगूत.

"तिखट किती?"
"आपलं नेहमीचं."
शेझवानशेजारी शेंगाचटणी येते.
मेनूकार्डात ती नाही.

म्हातारे यादगिरी गल्ल्यावर.
आज नूडल्स नव्या दुकानातून आलेत म्हणे.
त्यांनी उकडलेली एक तार चिमटीत धरली,
ट्यूबलाइटखाली नेली,
डोळे बारीक करून हळूच ताणली.
तुटली.
"वीस काउंटचं पण नाही बे हे. परत पाठव."
थोरला हसला,
आणि आमची प्लेट भरली.

हात पुसायला कागद नसतो इथे.
शेवटच्या लॉटचे नॅपकिन आहेत,
धुऊन धुऊन मऊ पडलेले,
निळा काठ अजून सरळ.
मी एकदा विकत मागितला होता,
त्यांनी ऐकलंच नाही.

आज एकाचा दोरा सुटला होता.
बायको ओढायला गेली
तर गल्ल्यावरून, मान वर न करता:
"राहू दे, बाई."