एकतीस दात

सूरमध्ये, गलबतं बांधतात त्या अंगणामागच्या गल्लीत,
भाड्याच्या घरातली जी खोली पाहुण्यांसाठी होती
तिथं माझं मिलिंग मशीन आहे.
पाहुणे येत नाहीत. मशीन शारजातल्या लिलावातलं,
ताडपत्रीखाली रात्रभर पिकअपमधून आलं.
तेव्हापासून एसी त्याला गंज चढू नये म्हणून चालतो,
मी त्यातच भागवून घेतो.

त्याच्यावर हे गोल टेबल.
सहा इंची, बिडाचं, उचलताना कंबर वय सांगते.
हँडल नव्वद वेळा फिरवा, तेव्हा ते एकदा फिरतं.
शिरोलीतले फोरमन म्हणायचे,
घाईतल्या माणसाच्या हाती हे देऊ नये.

आधी त्याला मध्यावर आणायचं.
डायल लावून हळू फिरवायचं, सुई डुलते,
लाकडी हातोडीनं जरा ठोकायचं, पुन्हा फिरवायचं,
सुई पेंगेपर्यंत.
मग काय वाट्टेल ते करा:
पंपाच्या फ्लँजला सहा भोकं,
अय्यूब शिंप्याच्या मशीनचा झिजलेला कॅम,
घरमालकिणीच्या कडीची गोलाई,
आणि एका शुक्रवारी नुसतंच, पितळेच्या चकतीवर
अंशाअंशाच्या रेघा.
त्या कुणी मागितल्या नव्हत्या.

हुमैदनं फडक्यात बांधून गिअर आणला,
होडीवरच्या विंचचा. जाळं ओढताना चार दात गेलेले.
आम्ही दोघांनी मोजले, मोडल्याच्या खुणांसकट,
तो अरबीत, मी मराठीत.
आकडा एकच आला. एकतीस.
कशानं भाग न जाणारा, अडेल आकडा.
नव्वदला एकतीसनं भागा:
दोन पूर्ण फेरे, आणि वर
एकतीस भोकांच्या वर्तुळातली अठ्ठावीस.
पिन भोकात, टेबल आवळा, चार नंबरचा कटर आत.
गनमेटलचा पिवळा कीस
चपलेत, चहात, सकाळी उशीवर.

एक नियम आहे.
हँडल पुढं गेलं, भोक हुकलं,
तर नुसतं मागं येऊन भागत नाही.
वर्म आणि चाक यांच्यात केसभर मोकळीक असते,
ती खोटं बोलते.
चांगला अर्धा फेरा मागं जायचं
आणि पुन्हा त्याच बाजूनं येत भोक गाठायचं.

एकोणिसावा झाला तेव्हा फोन वाजला. शालन.
हात तेलकट, स्पीकरवर टाकला.
स्लॅबची गळती, थोरलीची दाढ,
तुमच्या भावानं बांध पुन्हा कोरला.
मग म्हणाली, "किती उरलं अजून?"
मी प्लेटवरची नजर न काढता म्हटलं, "बारा."
पलीकडं मिक्सर बंद झाला.
"बारा? दिवाळीत दोन म्हणाला होता."
"अगं, दात."
"कुणाचे?"
समजावून सांगितलं. हसली की काय, कळलं नाही.
तेवढ्यात बॅलन्स संपला.

मी हँडल धरून उभा.
अठ्ठावीस भोकं मोजून झाली होती, की मोजायची होती?
पिन एका भोकात होती. भोक काही सांगत नाही.
अंदाजानं कटर लावला.

विसावा दात नखाएवढा निघाला.

दुसऱ्या दिवशी नवा तुकडा, फोन स्वयंपाकघरात डब्याखाली.
एकतिसाव्या वेळी पिन
जिथून निघाली होती त्याच भोकात येऊन बसली,
मी उगाच आजूबाजूला पाहिलं,
कुणाला तरी दाखवावं म्हणून.

हुमैदनं दात मोजले नाहीत.
विंच दोनदा करकरला, मग गप्प फिरू लागला.
पैशांवर त्यानं अर्धा गेदर दिला, वर्तमानपत्रात,
मी एकटा किती खाणार हे न विचारता.

फुकट गेलेला गिअर चहाच्या पातेल्याखाली असतो.
एकोणीस चांगले, एक बारका,
आणि त्यापुढं कड सगळी
कोरी, गोल.