पोटमाळा

कर्वेनगरात, पिठाच्या गिरणीखाली माझा स्टुडिओ.
गिरण साडेआठला थांबते, मग आम्ही सुरू.
भिंतीवरच्या फोमलाही ज्वारीचा वास.

सुदाम खुडे आले, काखेत हलगी.
आधी पार्किंगमध्ये रद्दी पेटवून कातडं शेकलं.
वॉचमन ओरडला.
ते "हो हो" म्हणत शेकतच राहिले.

टिपरूचा घाव : पडद्यावर सुळका.
पुन्हा सुळका. मधे जवळजवळ सपाट.
"इथं मी काहीच वाजवत नाही?"
बोट टेकवलं त्यांनी, काचेवर काजळीचा ठसा.
"वाजवता की. डाव्या हातातली शिमटी आहे ती.
पोचत नाही."
"मिरवणुकीत तर मलाच पोचत नाही,
मागं डीजेची भिंत असते."

मग मी त्यांच्या हलगीची नक्कल काढली.
मुळाला हात लावला नाही.
नक्कल घातली कॉम्प्रेसरखाली, दहास एक,
घाव चेपला, लाटला, पापड केला,
राहिलं ते उचललं,
आणि मुळाच्या शेजारून, अगदी तळापासून
फेडर वर,
केसभर,
अजून केसभर.

शिमटी आली.
तिच्यामागून लोखंडी कड्याची किणकिण,
चपलेची टाच,
आणि ओठांत पुटपुटलेले आकडे.
ते खुर्चीत पुढे सरकले.
"असं आमचा बाप मोजायचा.
मी पण मोजतो?"

तेवढ्यात दिवा लाल.
मूळ अधिक नक्कल, बेरीज कुठेतरी दिसणारच.
आणि मोठं झालं की चांगलंच वाटतं,
म्हणून रात्री दहानंतर
मी माझ्या कानांना साक्षीला बोलवत नाही.
दोन्ही फेडर एकत्र खाली ओढले,
आधीच्या आवाजाइतकंच करून पुन्हा ऐकलं.
शिमटी होती. जागेवर होती.

"कमी का केलं?"
आता हेडरूम कसं सांगावं.
म्हटलं, घावाला वर जागा लागते,
छताला लागला की फाटतो.

ते हसले.
"ताई, जनता वसाहतीत पोटमाळ्यावर झोपतो मी.
वर पत्रा. आधी मान वाकवायची, मग उठायचं.
एकवीस वर्षं.
डोकं फुटलं एकदाच,
पोरगी झाल्याचा फोन आला त्या रात्री.
ताठ उठलो."
टाळूवरची खूण दाखवली,
केस बाजूला करून, मिरवत.

बाराशे रुपये मोजून घेतले. हलगी पिशवीत.

साडेबाराला बाणेरहून प्रोड्यूसरचा मेसेज :
मस्त आहे, फक्त अजून लाऊड पाहिजे.
मी एक डेसिबल दिला.
त्याने तीन मागितले होते.

बाकीची जागा तशीच ठेवलीय,
कुणी एकदम ताठ उठलं तर.
काचेवरचा ठसाही
पुसायचा राहिलाय.