चौदा अंश

पेल्यातल्या पाण्यात बुडवलेला थर्मामीटर
चौदा दाखवतोय, रेक्स.
काल सकाळी अकरा होता.
लोणी डब्यात सांडल्यासारखं पसरलंय.
कोळंबी मी रात्रीच फेकली, कुंपणापलीकडे,
डिंगो की कोण, येऊन चाटूनपुसून गेलं.

तू लाँगरीचच्या हॉस्पिटलात, नवा गुडघा उशीवर ठेवून,
मी इथे विंटनच्या पुढे, व्हॅनमागच्या लाल धुळीत
पोटावर आडवी,
फोन खांद्यात दाबलेला, दातांत टॉर्च,
म्हणून तुझ्या सगळ्या बोलण्याला नुसतं हूं.
उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.
(इथे उंट खरेच आहेत, मोकाट.
शेळ्याही. हाकायला कोणी नाही.)

"खालची जाळी काढ. वास येतोय का?"
नाही.
"अमोनियाचा, डोळ्यांत पाणी आणणारा?"
नाही रे.
"नळ्यांवर पिवळी भुकटी?"
धूळ आहे. लाल.
"मग जीव आहे अजून," तू म्हणतोस
इतक्या हळू, की नर्स आली असावी.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी,
डिझेलचं दुखणं आवाजावरून सांगते.
हा तर आवाजच करत नाही.
ना पंप, ना मोटर, आत काही फिरत नाही;
तळाशी ज्योत जळते
आणि तिच्यामुळे वर बर्फ धरतो.
व्हॅन घेतली तेव्हा तू समजावलं होतंस हे
मीठदाणी आणि दोन चमचे मांडून,
आणि मी मान डोलावली होती.
अजून पटलेलं नाही.

ज्योत बघितली. पिवळी, आळशी,
टोकाला काजळी.
निळी हवी, तू म्हणालास, निळी आणि ताठ.
गॅस बंद केला. दोन स्क्रू; एक धुळीत हरवला.
झाकण उघडलं
तर बर्नरच्या तोंडाशी चिखलाची इवलीशी सुरई.
कुंभारमाशी.
नखाने फोडली. आत सात कोळी,
मेलेले नव्हेत, नुसते लुळे,
पाय हलके हलत होते,
पोरासाठी भरून ठेवलेलं ताजं मटण.
बाहेर एक्केचाळीस अंश.
तिचा फ्रीज उत्तम चालला होता.

तेवढ्यात शेजारचा स्टोयान आला, हातभर ओपलची माती,
म्हणाला, काढा बाहेर,
डोक्यावर उभा करा दोन दिवस, मग सरळ,
माझ्या भावाचा तसाच सुधारला.
फ्रीज का भाऊ, ते त्याने सांगितलं नाही.
मी म्हटलं, आधी बारीकसारीक करून बघते.

जेट अंडं ठेवायच्या कपात, स्पिरिटमध्ये.
"सुई घालू नकोस हं, भोक मोठं होईल,"
तू तीनदा सांगितलंस.
मी सुई केव्हाच परत डब्यात ठेवली होती.
धुराडं ब्रशने झाडलं, काळं नाकात गेलं.
उन्हाच्या बाजूला ताडपत्री बांधली.

आणि मग, तुला न विचारता,
लेव्हल काढली. फ्रीजमध्ये आडवी ठेवली.
बुडबुडा डावीकडे पळाला आणि तिथेच चिकटून बसला.
रेक्स, तू बीअरच्या ग्लासाकडे बघून
व्हॅन सरळ आहे म्हणाला होतास.
दुसऱ्या ग्लासाकडे, बहुतेक.
डाव्या चाकाखाली दोन फळ्या सरकवल्या,
पुढे घे, मागे घे, माझं मलाच ओरडून.
हे तुला घरी आल्यावर सांगेन,
किंवा सांगणार नाही, गुडघ्यावर ठरेल.

पेटवली. निळी.
आवाज आला अगदी बारीक,
दूर कोणीतरी कापड फाडत असावं तसा.

तासाभराने चौदा.
सूर्य बुडताना चौदा.
"चोवीस तास लागतात," तू म्हणालास, "किती झाला?"
उतरतोय, मी म्हटलं.

रात्री तीनला उठून दार उघडलं,
पटकन बघितलं, पटकन लावलं.
तेरा.
साडेतेराही असेल,
चष्मा सापडत नव्हता.