खेळी एकशे बारा

आमच्या राज्यात महागाई साडेसत्तावीस टक्के आहे.
चूक माझीच. चौथ्या खेळीत
चांदीची खाण लागली, तेव्हा टांकसाळ मोकळी सोडली,
आणि नाणी इतकी पडली
की पाच मोहरांचा भालाईत आता साडेसहाच्या खाली येत नाही,
तोही जेवण वेगळं धरून.

महापालिकेत मिळकतकराच्या टेबलावर
एकतीस वर्षं काढलेल्या बाईनं
असा हिशोब करावा,
याचं उजागरे सरांना फार हसू येतं.
ते बी विंग, तिसरा मजला. मी ए विंग, पहिला.
मध्ये पार्किंग, आणि एक समुद्र
ज्यात त्यांची अकरा गलबतं
उभ्या उभ्या माझ्या अख्ख्या फौजेपेक्षा जास्त खातात.

दिवसाला एक खेळी, असा करार.
त्यांनी रात्री खेळायचं, मी सकाळी,
धायरीहून टँकर येऊन गेल्यावर.

राज्य जिंकणं सोपं आहे हो.
जिंकलेलं पोसायचं कसं ते कुणी सांगत नाही.
प्रत्येक पुलाला दर खेळीला अर्धी मोहर,
प्रत्येक बुरुजाला दीड,
हत्तीचं तर विचारूच नका,
लढाई नसली तरी त्याची भूक असतेच.
लिफ्टच्या वार्षिक कराराचंही हेच.
चढा, न चढा.
सोसायटीची खजिनदार मीच, त्यामुळे
दोन्हीकडचे लोक माझ्यावर सारखेच चिडलेले.
शेंडकर म्हणतात, मेंटेनन्स का वाढला.
उत्तरेच्या ठाण्यातली फौज म्हणते, पगार का तुंबला.
फौजेवर बोट दाबून 'बरखास्त' तरी करता येतं.

पण एक तुकडी मी काढत नाही.
तिसऱ्या खेळीतले सहा भालाईत, खिंडीपाशी.
तिकडून आता कुणी येत नाही.
खर्च दोन मोहरा. उपयोग शून्य.
ऑडिटला असला खर्च मी लाल पेनानं खोडला असता.
सरांनी विचारलं, का ठेवलेत?
म्हटलं, असू देत. ओळखीचे झालेत.

मग एकशे बाराव्या खेळीला सर थांबले.
पडद्यावर तेवढंच: प्रतिस्पर्ध्याची वाट पाहत आहे.
छातीत कळ, कर्वे रोडवरचं हॉस्पिटल, दोन स्टेंट,
मुलगी नाशिकहून रात्रीच निघून आली.

या खेळाची एक गंमत असते,
समोरचा खेळेपर्यंत कुणाची भूक वाढत नाही.
हत्ती सोंड वर करून तसाच.
गलबतं एकाच लाटेवर.
महागाई साडेसत्तावीस. काल, आज, परवा.
आयुष्यभर ज्या आकड्याला थांब म्हटलं
तो थांबला होता, आणि मला
त्याच्याकडे बघवेना.

खाली मात्र सगळं रीतसर चालू.
कात्रजची पिशवी दोन रुपयांनी वर,
टँकरवाल्या बारवकरनं डिझेलचं कारण काढलं,
हॉस्पिटलचं बिल रोज सकाळी
कुणाची वाट न पाहता पुढची खेळी खेळत होतं.
बी तीनशे चारचा मेंटेनन्स थकला.
नियमानं व्याज लागतं.
मी त्या रकान्यात पेन्सिलीनं एक टिंब दिलं
आणि पान उलटलं.

सतराव्या दिवशी, पहाटे पावणेचारला
फोन थरथरला. तुमची पाळी.

चष्मा शोधून बघते, तर
अकराच्या अकरा गलबतं सरांनी मोडीत काढलेली.
बंदर रिकामं.
फक्त खिंडीच्या पलीकडच्या तोंडाशी
सहा भालाईत आणून उभे केलेत,
माझ्या सहांच्या समोर.
हल्ल्याचा हुकूम नाही. नुसते उभे.

मी उठून दिवा लावला.
पगार वाटला, बुरुजांचे दीड दीड दिले,
पुलांचे अर्धे.
महागाई अठ्ठावीस झाली.

बरं वाटलं.