कोल्लं

सुईत ओवण्याआधी दोऱ्याचं टोक
जिभेवरून फिरवायचं, ओठांत दाबून चपटं करायचं.
चौतीस वर्षं.
देवपुरातल्या निम्म्या नवरीमुली
माझ्या थुंकीवर बोहल्यावर चढल्यात,
गिऱ्हाइकांना सांगू नका.

गेल्या कार्तिकात दोरा
तोंडात गेला तसाच परत आला.
पिंजलेला. तीन धागे तीन दिशांना.

मला वाटलं, चष्मा.
नंबर वाढवून आणला.
मग घास अडायला लागला,
भरीत वर तेल सोडून घेतलं तरी.
कळण्याची भाकरी गालात रेतीसारखी फिरत राहायची,
आवंढा गिळावा तर गिळायला काही नसायचं.
‘बेचाळीस’ म्हणताना जीभ टक् वाजायची,
शिकाऊ योजना माप लिहिता लिहिता हसायची.

मोठी जाऊ म्हणाली, कशाची तरी धास्ती घेतलीस,
तोंडचं पाणी पळालंय तुझ्या.
मी आठवत बसले, कशाची?
धास्ती घ्यावी असं सगळं
तर होऊनच गेलंय.

डॉक्टर रुकय्यांनी खुर्ची आडवी केली,
आरसा आत घातला, तो गालाला चिकटला.
हिरडीच्या काठाकाठाने चार दात किडलेले.
‘गोळ्या कोणत्या घेता?’
पिशवी उपडी केली. रक्तदाबाची. झोपेची.
खाज सुटते म्हणून मेडिकलवाल्याने दिलेली.
आणि एक, हे गेल्यापासून,
कशाची ते मी घरात सांगितलेलं नाही.
त्यांनी बोटाने दोन-तीन बाजूला सरकवल्या.
‘यांनी सुकतं तोंड. पण मनाने बंद करायच्या नाहीत,
चिठ्ठी देते, तुमच्या डॉक्टरांना दाखवा.’
सुपारी बंद. चहा कमी. गोड काही चघळायचं नाही,
बिनसाखरेचं च्युइंगम चालेल.
‘आणि पाणी घोट घोट. एकदम तांब्याभर नको.’

अण्णांचंच बोलणं, दुसऱ्या तोंडून.

अण्णा पांझरेवर पाटकरी. फडाचं पाणी वाटायचे.
चैत्रात बंधारा गुडघ्याखाली गेला
की माणसं तावातावाने यायची,
एकदाचं सोडा, भिजू द्या सगळं.
अण्णा फावड्याने दार निम्मं बुजवायचे.
‘पाणी थोडं, तर दार लहान
अन् बारी जवळजवळ.
जमिनीला समजू द्यायचं नाही
आपण कोल्लं पडलो म्हणून.’

आता बॉबिनच्या डबीशेजारी वाटी असते.
एका बाहीला एक घोट. गळ्याला दोन, गळा अवघड.
च्युइंगम चघळताना योजना विचारते,
मावशी, कॉलेजात नाव घातलं का?

रात्री दोनला जीभ टाळूवरून
सोलून काढावी लागते.
अण्णा याच सुमाराला उठायचे,
कंदील, फावडं, कानाला मफलर.
मी अंधारातच तांब्या चाचपते.
तीन बोटं रुंदीची चारी,
तिला कितीसं लागतं.

बरं वाटतं का, जाऊ विचारते.
बरं म्हणजे काय ते मला नीट सांगता येत नाही.
बारी चुकत नाही, एवढंच.

परवा दुपारी यमुनाक्का ओट्यावर
लोणच्याच्या कैऱ्या फोडत होत्या.
आधी अडकित्त्याचा आवाज आला. मग वास.
जिभेखाली, डाव्या अंगाला,
काहीतरी हललं.

मी मशीन थांबवलं.
गिळलं नाही.
योजनाला खुणेनेच म्हटलं,
दोरा दे.